वाचकांचे प्रश्न : हवेची नोंदवही मागताना

मागच्या अंकात हिवाळ्यातल्या धुरक्याबद्दल लिहिताना मी शेवटी म्हटलं होतं, "तुमच्या गावची हवा सरकार मोजत असेल, तर त्या नोंदी तुमच्याच आहेत. मागून घ्या." त्यावर आलेल्या पत्रांत सगळ्यांचा प्रश्न एकच आहे : मागायच्या कशा? म्हणून या वेळचं सदर या एकाच विषयाला दिलं आहे.

नव्या वाचकांसाठी दोन ओळी. मी रसायनशास्त्राची. नोकरीची बरीच वर्षं एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेली. आमच्या गच्चीवर हवेचे नमुने घेणारं यंत्र होतं आणि त्याचे कागद तोलण्याचं काम माझ्याकडे होतं. ज्या नोंदी आज तुम्ही मागणार आहात, तशा नोंदी मी स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. त्यामुळे कुठल्या रकान्यात काय असतं, हे मला ठाऊक आहे.

ताई, आमच्याकडे सकाळी उठून बघावं तर तुळशीच्या पानांवर काळी भुकटी असते. दोरीवरचे कपडे दोनदा झटकावे लागतात. माझा नातू सात वर्षांचा आहे. थंडीत त्याला वाफ दिल्याशिवाय रात्र जात नाही. चंद्रपूरला हवा मोजतात असं ऐकलं. ते आकडे कुठे मिळतात? मी अंगणवाडीत काम करते, इंग्रजी जेमतेम येतं. अर्ज मला जमेल का?
— एक अंगणवाडी सेविका, चंद्रपूर जिल्हा

जमेल. अर्ज मराठीत करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगायचं नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) स्पष्ट आहे : अर्जदाराला कारण विचारता येत नाही. नातवाचं दुखणं अर्जात लिहू नका. ते तुमच्याजवळ राहू द्या.

चंद्रपूरची हवा हा काही आजचा प्रश्न नाही. कोळशाच्या खाणी, २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने, कोळशाचे ट्रक, हे सगळं एका जिल्ह्यात आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण मिळाले आणि देशातल्या सर्वांत वाईट पट्ट्यांमध्ये चंद्रपूर चौथं आलं. तेव्हा तिथल्या माणसाने हवेच्या नोंदी मागण्यात वावगं काहीच नाही.

आता हवा मोजतात कशी, ते आधी समजून घ्या. हे समजलं नाही तर अर्जात काय मागायचं ते कळत नाही, आणि मोघम अर्जाला मोघमच उत्तर येतं.

मोजणीच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली जुनी, हाताची. गच्चीवर एक पेटी असते, आत पंप असतो. तो हवा ओढतो आणि ती एका पांढऱ्या गाळण कागदातून जाते. आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास हे चालतं. दर आठ तासांनी कागद बदलायचा : सकाळी सहा ते दुपारी दोन, दोन ते रात्री दहा, दहा ते सकाळी सहा. बाजूला काचेच्या नळ्यांतल्या द्रावणातून हवा सोडून सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड धरतात. त्या नळ्या दर चार तासांनी बदलतात. कागद वापरण्याआधी तोललेला असतो, वापरल्यावर पुन्हा तोलतात. दोन वजनांतला फरक म्हणजे धूळ. वर्षातून १०४ दिवस, दिवसाला तीन कागद, म्हणजे वर्षाला ३१२ कागद. उरलेल्या २६१ दिवसांची मोजणी त्या केंद्रावर होतच नाही.

रात्री दहा ते सकाळी सहाचा कागद हिवाळ्यात काय रंगाचा निघतो, ते मी कधी विसरणार नाही. दुपारचा करडा असायचा. रात्रीचा चिमट्याने उचलला की मधला भाग काळा आणि कडेची चौकट तेवढी पांढरी दिसायची. थंडीत जमिनीलगतची हवा वर उठत नाही, धूर आणि धूळ खालीच साचते. त्या आठ तासांत आपण झोपलेलो असतो.

दुसरी तऱ्हा अखंड चालणाऱ्या स्वयंचलित केंद्राची. तिथे यंत्र स्वतःच मोजतं आणि आकडे थेट सर्व्हरवर जातात. चंद्रपुरात अशी केंद्रं आहेत, एक शहरात आणि एक खुटाळा एमआयडीसीत. एका केंद्रावर एका वर्षात तासाचे ८७६० आकडे जमायला हवेत.

आणि माझं खरं सांगणं इथेच आहे. तुम्हाला सहसा दाखवतात ती सरासरी. महिन्याची, वर्षाची. ती खोटी नसते. पण सरासरी काढताना रिकाम्या जागा गळून पडतात. वीज गेली, पंप अडकला, कागद फाटला, तर त्या दिवसाचा रकाना रिकामा राहतो आणि उरलेल्यांची सरासरी निघते. माझ्या नोंदवहीत "वीज नाही, ९ तास" अशी शेऱ्याची ओळ कितीदा आहे! चोवीसांपैकी किमान सोळा तास मोजणी झाली नसेल तर तो दिवस धरायचा नाही, असा नियम होता आणि तो योग्यच होता. पण ती शेऱ्याची ओळ छापील अहवालात कधी जात नसे. समजा, एखाद्या केंद्राचे बंद पडलेले दिवस बहुतेक डिसेंबर-जानेवारीत आले. मग वर्षाची सरासरी आपोआप खाली येते. कुणी लबाडी केलेली नसते, आणि तरी आकडा चुकीचं सांगतो.

म्हणून सरासरी मागू नका. नोंदी मागा, रिकाम्या जागांसकट.

याला कायद्याचंही एक कारण आहे. १८ नोव्हेंबर २००९ रोजी देशात हवेची राष्ट्रीय मानकं अधिसूचित झाली. पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे बारीक धूलिकण, चोवीस तासांत १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या वर जाऊ नयेत, वर्षाच्या सरासरीत ६० च्या वर नकोत. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे आणखी बारीक कण, यांच्यासाठी हेच आकडे ६० आणि ४०. चोवीस तासांचं मानक वर्षातल्या ९८ टक्के मोजण्यांमध्ये पाळलं गेलं पाहिजे. उरलेल्या २ टक्क्यांत ओलांडलं तर चालतं, पण मोजणीच्या सलग दोन दिवशी नाही. आता "सलग दोन दिवशी" ओलांडलं का, हे महिन्याच्या सरासरीवरून कुणाला कळणार? त्याला दिवसाचीच नोंद लागते.

अर्ज कुणाकडे करायचा? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जे उपप्रादेशिक कार्यालय तुमच्या भागाला लागू आहे, तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे. कार्यालय चुकलं तरी घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी पाठवून तुम्हाला कळवायचं असतं. जोडपत्र 'अ' हा नमुना कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात मिळतो. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांच्या आत हवा, तेव्हा एका अर्जात हवा, पाणी आणि कोळशाची वाहतूक असं सगळं घालू नका. मजकूर असा लिहा :

"विषय : परिवेशीय हवा गुणवत्ता मोजणीच्या नोंदी. कालावधी : १ नोव्हेंबर २०२४ ते २८ फेब्रुवारी २०२५.
१) आपल्या कार्यक्षेत्रातील हवा मोजणी केंद्रांची यादी, प्रत्येकाचे ठिकाण व प्रकार (मानवी / स्वयंचलित).
२) मानवी केंद्रांच्या उपरोक्त कालावधीतील क्षेत्र नोंदपत्रकांच्या व विश्लेषण अहवालांच्या साक्षांकित प्रती, शेऱ्यांच्या रकान्यासह.
३) स्वयंचलित केंद्रांचे पीएम २.५, पीएम १०, सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजन डायऑक्साइडचे तासनिहाय आकडे, उपलब्ध असलेल्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात.
४) सदर केंद्रांच्या देखभाल, बिघाड व कॅलिब्रेशन नोंदवहीच्या प्रती.
प्रती घेण्यापूर्वी मला मूळ अभिलेखांची पाहणी करावयाची आहे."

एवढं पुरे. "प्रदूषण का वाढलं?", "कारवाई का केली नाही?" असे प्रश्न त्यात घालू नका. तुमचा राग रास्त आहे, पण "का" हा शब्द आला की अधिकाऱ्याला "ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही" असं लिहायला जागा मिळते. कागद मागा. कागदात "का" असतोच.

तिसऱ्या मुद्द्यातला इलेक्ट्रॉनिक स्वरूपाचा आग्रह सोडू नका. छापील पान दोन रुपयांना पडतं. तासाचे आकडे चार महिन्यांचे घेतले तर गठ्ठा होईल, पैसे जातील आणि कागदावरच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करता करता डोळे जातील. माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात द्यावी, असं कलम ७(९) म्हणतं. कार्यालयावर अवाजवी बोजा पडत असेल तेवढाच अपवाद. इथे फाइल ई-मेल करण्यापेक्षा छापण्याचाच बोजा मोठा आहे.

चौथा मुद्दा बहुतेक लोक विसरतात, आणि मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो. यंत्र शेवटचं कधी तपासलं, हे कळल्याशिवाय आकड्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

कधी असं उत्तर येतं की "नमुने अमुक महाविद्यालय घेतं, नोंदी त्यांच्याकडे आहेत." राज्यात मानवी केंद्रं अनेकदा महाविद्यालयं आणि संस्थांकडून चालवून घेतात, हे खरं आहे. मीच त्यातली एक. पण कायद्यात माहितीचा अधिकार म्हणजे सार्वजनिक प्राधिकरणाने धारण केलेली किंवा त्याच्या नियंत्रणाखाली असलेली माहिती. मोजणी मंडळासाठी होते, खर्च सरकारी पैशातून होतो, अहवाल मंडळाकडे जातो. ती माहिती मंडळाच्या नियंत्रणाखालचीच. आमच्या प्रयोगशाळेतून प्रत मागवली असती तर एका दिवसात गेली असती. आम्ही त्या वह्या जपून ठेवत होतो ते कुणीतरी कधीतरी बघेल म्हणूनच. माझ्या नोकरीत बाहेरचं कुणी आलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

अर्ज स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. जाणं जमत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं, आणि ते दिवस अर्ज कार्यालयात पोचल्याच्या तारखेपासून मोजायचे. आणि पाहणीला जाताना एकट्या जाऊ नका. दहावी-बारावीची एखादी चुणचुणीत मुलगी बरोबर न्या. तिला आकडे उतरवून घ्यायला सांगा, तुम्ही शेरे वाचा.

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. आमच्या शहरातल्या हवा केंद्राचे तासनिहाय आकडे माहिती अधिकारात मागितले. उत्तर आले, "सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे." संकेतस्थळावर पाहिले तर फक्त महिन्याची सरासरी. दुसऱ्या अर्जात विचारले, "वर्षातून किती तास केंद्र बंद होते?" तर उत्तर, "अशी माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." आता अपील करावे की सोडून द्यावे?
— एक ज्येष्ठ वाचक

सोडू नका. पण दोन्ही उत्तरांना एकाच मापाने मोजू नका, काका. पहिलं उत्तर चुकीचं आहे. दुसरं कायद्यात बसतं.

आधी पहिलं. माहिती संकेतस्थळावर टाकणं चांगलंच, कलम ४ त्यासाठीच आहे. पण तुम्ही मागितले तासाचे आकडे आणि तिथे आहे महिन्याची सरासरी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संकेतस्थळाच्या त्या पानाची प्रिंट काढा, वर तारीख येईल अशी. ती प्रथम अपिलाला जोडा आणि एकच वाक्य लिहा : "मागितलेली माहिती सोबतच्या पानावर नाही." अपिलाचा नमुना जोडपत्र 'ब', वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सुनावणीला बोलावलं तर जा. बँकेत तुम्ही आयुष्यभर खाती जुळवली, तशीच मागितलेली माहिती आणि दिलेली माहिती शेजारी ठेवून दाखवा. पाच मिनिटांत विषय संपतो.

दुसऱ्या उत्तराबद्दल. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात सांगितलं की, कार्यालयाकडे जी माहिती आहे ती द्यावी लागते. नसलेली माहिती गोळा करून, बेरजा करून तयार करून देण्याचं बंधन त्याच्यावर नाही. "किती तास बंद होतं" ही बेरीज आहे. ती कुणी केली नसेल तर अधिकारी खरंच बोलतोय. तेव्हा त्या उत्तरावर अपील करण्यात दोन महिने घालवू नका. नवा अर्ज करा, बेरजेऐवजी बेरजेचा कच्चा माल मागा : बिघाडाची नोंदवही, देखभाल करणाऱ्या ठेकेदाराचे भेटीचे अहवाल, आणि तासाच्या आकड्यांची पूर्ण फाइल. मोजणी तुम्हीच करा. ८७६० मधून भरलेले रकाने वजा करा, उरले ते बंद तास.

मी एकदा एका शहरात काही वाचकांबरोबर अशी पाहणी करायला गेले होते. अधिकारी तरुण अभियंता होता, तीन टेबलांचा कारभार एकटा बघणारा. त्याने वही समोर ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, हे पान मीसुद्धा आज पहिल्यांदाच बघतोय." त्या पानावर हिवाळ्यातल्या ओळींसमोर पंप दुरुस्तीला गेल्याचे शेरे होते, एकाखाली एक. आम्ही भांडलो नाही. प्रती घेतल्या, पैसे भरले, पावती घेतली. पुढे त्याच प्रती दाखवून वाचकांनी पालिकेच्या सभेत पर्यायी पंपाची मागणी केली. कागदामुळे बोलणं सोपं झालं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

तीस दिवसांत उत्तरच आलं नाही तर माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६). प्रथम अपिलानेही भागलं नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या विभागाच्या खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येतं. माहिती विनाकारण अडवली असं ठरलं तर जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंड होतो. आयोगात तारीख लागायला फार वेळ लागतो, म्हणून पहिल्या दोन पायऱ्यांवरच जोर लावा.

मोबाइलवरचे ॲप आमच्या भागाचा हवा निर्देशांक १५३ दाखवते आणि सरकारी फलकावर त्याच वेळी १०० दिसतो. सरकार आकडे कमी करून दाखवते का? तसे विचारणारा अर्ज करू का?
— एक तरुण वाचक, पुणे

थांबा, तो अर्ज करू नका. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात.

निर्देशांक म्हणजे मोजणी नव्हे. मोजणी म्हणजे हवेच्या एका घनमीटरात किती मायक्रोग्रॅम धूळ आहे ते. निर्देशांक ही त्यावर बसवलेली पट्टी, आणि प्रत्येक देशाची पट्टी वेगळी. आपली पट्टी २०१५ मध्ये आली. त्यात पीएम २.५ जर ६० असेल तर निर्देशांक १००, म्हणजे "समाधानकारक". अमेरिकेच्या पट्टीवर त्याच ६० चा निर्देशांक दीडशेच्या वर जातो आणि रंग लाल होतो. बरीच खाजगी ॲप अमेरिकेची पट्टी वापरतात. शिवाय सरकारी निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात, ॲप अनेकदा ताज्या तासावर. पुण्यात तर भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या 'सफर' प्रकल्पाची केंद्रं २०१३ पासून आहेत आणि प्रदूषण मंडळाची वेगळी. केंद्राची जागा बदलली की हवाही बदलते.

म्हणून वाद निर्देशांकावर घालू नका, मूळ मायक्रोग्रॅम मागा. 'सफर'चे आकडे हवे असतील तर ती संस्था केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येते. तिचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन आरटीआय पोर्टलवरून करायचा. तिथेही शुल्क दहाच रुपये आहे, पण कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. प्रथम अपिलाला मात्र केंद्रात शुल्क नाही.

पट्टीबद्दलचं माझं मत विचाराल तर, ६० ला "समाधानकारक" म्हणणं मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांची शिफारस १५ वर आणली आहे. आपली मानकं २००९ ची आहेत. दम्याचं मूल घरात असेल तर फलकावरचा हिरवा रंग बघून त्याला पहाटे मैदानावर पाठवू नका.

आमच्या गावाला लागून कारखाना आहे. धुराड्यात मोजयंत्र बसवले आहे म्हणे. त्याची माहिती मागितली तर "व्यापारी गुपित" म्हणून नाकारतील असे सगळे सांगतात. खरे का?
— एक ग्रामपंचायत सदस्य

नाकारू शकतील. पण ते टिकू नये.

कलम ८(१)(घ) मध्ये व्यापारी गुपितं, बौद्धिक संपदा अशा माहितीला सूट आहे, आणि तिथेही व्यापक जनहित असेल तर ती माहिती देता येते. धुराड्यातून बाहेर काय पडतं, हे गुपित कसलं? ते तर गावाच्या अंगणात पडतं. २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने अति प्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना अखंड मोजणीची यंत्रं बसवायला सांगितलं. ते आकडे थेट मंडळांच्या सर्व्हरवर जातात, म्हणजे माहिती मंडळाकडे आहेच. २२ फेब्रुवारी २०१७ च्या पर्यावरण सुरक्षा समिती विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य मंडळांना असे आकडे आपापल्या संकेतस्थळावर लोकांसाठी खुले करण्याचा निर्देश दिला. अर्जात या निकालाचा तारखेसकट उल्लेख करा.

धुराड्याच्या आकड्यांसोबत आणखी दोन कागद मागा, कारण आकडा कशाशी ताडायचा ते त्यांतच सापडतं. पहिला, मंडळाने कारखान्याला दिलेलं संमतीपत्र. कोणत्या धुराड्यातून किती सोडायची मुभा आहे, ते त्यात असतं. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम ५१ नुसार अशा संमतींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते आणि बाधित माणसाला ती बघता येते. म्हणजे माहिती अधिकाराच्या चोवीस वर्षं आधीपासून हा दरवाजा आहे, आणि तो किती कमी लोक वाजवतात! दुसरा कागद, कारखान्याला केंद्राची किंवा राज्याची पर्यावरण मंजुरी लागली असेल तर तिचा सहामाही अनुपालन अहवाल, म्हणजे मंजुरीच्या अटी कशा पाळल्या याचा अहवाल. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे तो दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. कारखान्याने स्वतः आसपासच्या हवेचं मोजमाप करून घेतलेलं असतं ते बहुधा याच अहवालाच्या परिशिष्टात सापडतं. आपल्याच गावाचं नाव एका तक्त्यात, समोर पीएम १० चा आकडा, असं पहिल्यांदा बघितलेल्या एका सरपंचताई मला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे येऊन मोजून गेले, आणि आम्हाला पत्ताच नाही."

तुम्ही सदस्य आहात, तर हे कागद आल्यावर ग्रामसभेत वाचून दाखवा आणि त्याची नोंद कार्यवृत्तात घ्या. पुढच्या वेळी संमतीपत्राचं नूतनीकरण होईल तेव्हा तो ठराव मंडळाला पाठवता येईल.

मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी नागपूरच्या हवेचे तीन वर्षांचे आकडे हवेत. महिनाभरात प्रकल्प द्यायचा आहे. अर्जाचे उत्तर वेळेत येईल का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

अर्ज करूच नकोस. स्वयंचलित केंद्रांचे आकडे केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. केंद्र निवड, प्रदूषक निवड, तारखा टाक आणि तासनिहाय हा पर्याय घे. मानवी केंद्रांसाठी राज्य मंडळाच्या संकेतस्थळावरचे तक्ते आणि हवेच्या स्थितीचे वार्षिक अहवाल बघ.

फाइल उघडल्यावर सरासरीचं सूत्र लगेच टाकू नकोस. आधी प्रत्येक महिन्यात किती रकाने रिकामे आहेत ते मोज आणि तो तक्ता प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लाव. सलग कित्येक तास तोच आकडा दिसला, उदाहरणार्थ ४१, ४१, ४१, तर त्यावर खूण कर. हवा इतकी स्थिर नसते, यंत्र अडकलेलं असण्याची शक्यता जास्त. त्या खुणा केलेल्या तासांसाठी मग बिघाडाची नोंदवही मागणारा अर्ज कर. उत्तर प्रकल्पाच्या तारखेनंतर आलं तरी मला कळव, पुढच्या एखाद्या अंकात आपण ते वाचकांना दाखवू.